पेटीत मावणारा पेंग्विन

गर्टआत्याने अकरा वर्षांपूर्वी विमानात एका सूटकेससाठी जादा पैसे भरले होते. तेव्हापासून मूळच्या डच आणि काटकसरी व्हॅन्डर लान कुटुंबात ती 'सूटकेसवाली गर्ट' झाली ती झालीच. आत्याने चर्चमध्ये उभा जन्म ऑर्गन वाजवला, तीन मुलं वाढवली, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं, पण मिशिगनमधल्या त्या झीलंड गावात तिचा विषय निघाला की कुणीतरी डोळे मिचकावून म्हणायचंच, "ती नाही का, सूटकेसवाली?" पैसे नेमके किती गेले ते कुणालाच आठवत नव्हतं. गेले होते, एवढं पुरेसं होतं.

कोलीन या घरात सून म्हणून आली ती डेट्रॉइटच्या एका आयरिश कुटुंबातून. तिच्या माहेरी प्रवासाला निघायचं म्हणजे माणशी दोन बॅगा, आणि वर एक रिकामी, येताना भरून आणायला. ईस्टरच्या जेवणात सासऱ्यांनी, म्हणजे हार्मनी, हातातला काटा खाली ठेवून जाहीर केलं, की लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, तेव्हा जूनमध्ये सगळ्या कुटुंबाला आधी नेदरलँड्सला आणि तिथून सिसिलीला नेणार, तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोलीनने माहेरच्या सवयीने विचारलं, "बॅगा किती न्यायच्या?"

टाळ्या थांबल्या. सासूबाई आर्लीन यांनी उगाचच बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

"बॅग," हार्म म्हणाले. "एक. आणि ती फुकटातली."

शिकागोहून ॲमस्टरडॅमला जाणारं विमान मोठ्या मनाचं होतं; त्यात बरंच काही चाललं असतं. पण सिसिलीला नेणारी कंपनी स्वस्तातली, आणि तिच्या तिकिटात फुकट जायची ती फक्त सीटखाली मावणारी पिशवी. चाळीस सेंटीमीटर उंच, तीस रुंद, वीस जाड. त्यापेक्षा मोठी निघाली की दारातच पैसे. म्हणजे सगळ्या प्रवासाला माप लागणार ते या कंपनीचं. त्यातून मांडीवर बसणाऱ्या बाळाला सामान म्हणून काहीच नाही. ज्याने हा नियम केला त्याने बाळ कधी पाहिलेलं नसावं, किंवा मग त्याला चार असावीत आणि तो सूड उगवत असावा, असं कोलीनला वाटलं.

कोलीनच्या मांडीवर बसणारी होती टेस, सव्वा वर्षाची. आणि टेसमागे होता पेंग्विन.

पेंग्विन म्हणजे औषधाची वाफ करणारं यंत्र. लहान मुलांनी घाबरू नये म्हणून त्याला काळं-पांढरं पोट आणि पिवळी चोच दिलेली, चोचीला नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. जानेवारीत टेसची छाती भरली होती. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, ओठांचा रंग बदलत चालला होता. डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या फवाऱ्याने, म्हणजे इन्हेलरने, काही झालं नाही, पेंग्विनने झालं. एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, आता यंत्राची गरज नाही, कपाटात ठेवून द्या. कोलीनने ते कपाटात ठेवलं. म्हणजे पलंगाशेजारच्या कपाटात, दार उघडं आणि वायर सॉकेटच्या जवळ.

विमान कंपनीच्या नियमांत एक ओळ होती: वैद्यकीय उपकरण वेगळं नेता येईल, डॉक्टरांचं पत्र हवं. कोलीनने पत्र मागितलं. डॉक्टर भले गृहस्थ होते. "मिसेस व्हॅन्डर लान, ज्याची गरज नाही असं मीच तुम्हाला सांगितलं, त्याची गरज आहे असं पत्र मी कसं देऊ? फवारा पर्समध्ये ठेवा आणि मजा करा."

नवरा ब्रेंट तेच म्हणाला. "डॉक्टर नको म्हणाले ना?"

"हो, म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही."

या घरात काळजी करणं हा गुन्हा नव्हता, पण शिष्टाचाराला सोडून होतं. जेवताना मोठ्याने शिंकण्यासारखं. जे व्हायचं ते देवाच्या हातात आहे, असं आर्लीन म्हणायच्या आणि खरोखर ढाराढूर झोपायच्या. कोलीनचाही देवावर विश्वास होता. फक्त देवाला हाताशी यंत्र असावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तेव्हा ठरलं ते असं: पेंग्विन जाणार, फुकटच्या पिशवीत जाणार, आणि तो आत आहे हे कुणाला कळणार नाही. नाहीतर ती टेसला घेऊन घरी राहणार. हा दुसरा पर्याय तिने अजून कुणाला सांगितला नव्हता.

मग बॅगांची ये-जा सुरू झाली. हायवेवरच्या मोठ्या दुकानातून बॅग आणायची, लेबल न तोडता, टेस दुपारी झोपली की पेंग्विन आत घालून बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी बॅग परत. पहिल्या बॅगेवर ठसठशीत लिहिलं होतं, 'युरोपात चालते'. चालत असेल, पण बनवणाऱ्याने माप घेताना चाकं आणि मूठ धरलीच नव्हती, जणू चाकं दुसऱ्याच कुणाच्या बॅगेची. दुसरीने इंचांचे सेंटीमीटर करताना स्वतःच्या सोयीने अर्धा-पाऊण सेंटीमीटर गिळला होता. तिसरी मऊ म्हणून आणली तर तिच्या आत सळ्या. चौथीत सगळं बसलं, पण चोच चेनमधून बाहेर आली आणि बॅग कोंबडं चोरून नेणाऱ्या माणसासारखी दिसू लागली. मध्ये एकदा तिने हातात मावणारं नव्या पद्धतीचं छोटं यंत्रही मागवलं; त्याची किणकिण ऐकून टेसने असा टाहो फोडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तेही परत.

दुकानात माल परत घेणारी बाई आता तिला ओळखायला लागली होती.

"पुन्हा चाकं?"

"पुन्हा चाकं."

"बाई गं, तू बॅग शोधतेयस की नवरा?"

"नवरा पहिल्याच फेरीत मिळाला. तो कुठेही मावतो," कोलीन म्हणाली.

सहावी बॅग तिने ठेवून घेतली. करड्या रंगाचं, बिनचाकांचं, शाळकरी दप्तरासारखं ध्यान. त्यात पेंग्विन डोकं खाली करून झोपला. त्याच्या भोवती डायपर ठासले, नळीच्या वेटोळ्यात मोजे गेले, टेसचे कपडे वळकटी करून कडेला, आणि उरलेल्या जागेत कोलीनचे तीन झगे, चपला, रात्रीचे कपडे. वरून मोजायची फीत लावली. जाडी बरोबर वीसला केसभर कमी. जानेवारीनंतर पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

इकडे हार्म गॅरेजमध्ये पेटी करत होते.

हार्मची सगळी हयात लाकडाच्या वखारीत गेली होती. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या घरी गेले की खुर्ची, पाट, बशी, जे हाताला लागेल ते उलटं करून खालून बघायची त्यांची सवय गेली नव्हती. लोक वरची बाजू दाखवायला करतात, खालची खरी असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी विमान कंपनीच्या मापाची लाकडी पेटी केली, वरून उघडी. पुढून-मागून प्लायवूड आणि दोन्ही बाजूंना पाइनची आठ इंची फळी. "आठ इंच म्हणजे वीस सेंटीमीटर, आणि वर केसभर," ते म्हणाले. "तो केस मी कंपनीला माफ केला." कडा घासून गुळगुळीत केल्या, वर दोन हात पॉलिश दिलं. नियम एकच: बॅग आत टाकायची आणि एका बोटाने दाबायची. तळाला टेकली तर पास. दोन बोटं लागली तर ती बॅग त्यांच्या लेखी सूटकेस.

निघायच्या आधीच्या रविवारी, चर्चनंतरच्या कॉफीला, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर पेटी आली. पवनचक्कीच्या आकाराची बिस्किटं फिरली. सगळे आपापली बॅग मांडीवर घेऊन बसले होते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

आर्लीनची बॅग अलगद उतरली. ब्रेंटची बहीण मिर्ना हिने कपड्यांतली हवा पंपाने काढून त्यांचे पापड केले होते, तिचीही उतरली. ब्रेंटची तर इतकी सहज गेली की तळाशी ठक्क आवाज झाला. एका बाळाचा बाप असल्याची काडीइतकीही खूण त्या बॅगेत नव्हती.

"कोलीन," हार्म म्हणाले.

तिची बॅग अर्ध्यावर गेली आणि अडकली.

हार्मनी बोट लावलं. बॅग ढिम्म. त्यांनी बोट काढून तिच्याकडे पाहिलं.

"मी मोजलीय," कोलीन म्हणाली. "दोनदा. वीसच्या आत आहे."

"मग फीत चुकली असेल."

"डॅड, फीत कशी चुकेल?"

"पेटी तर चुकणार नाही."

पेटीच मोजून बघावी हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. हार्मची पेटी मोजायची म्हणजे प्रवचन चालू असताना पाद्रीबुवांना थांबवून पान नंबर विचारायचा.

"गर्टआत्याला फोन लावू का?" मिर्ना म्हणाली. "एकटी पडलीय बिचारी. जोडीदारीण मिळाली म्हणून सांगते."

"मिर्ना, पुरे," आर्लीन म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं होतं. "कोलीन, अगं उघड ना. काहीतरी काढता येईल. बायका उगाच दोन-दोन केसांचे ब्रश घेतात."

उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोलीनने गालिच्यावर बसून चेन ओढली. आधी डायपर आले, मग मोजे, आणि मग पेंग्विन चोच वर करून उभा राहिला. टेस आजीच्या मांडीवरून आनंदाने चित्कारली.  ब्रेंटने कपात पाहिलं.

"हे काय आणि?" हार्मनी विचारलं.

"टेसचं यंत्र," ब्रेंट म्हणाला. "जानेवारीतलं."

"पण टेस बरी आहे ना?"

"बरी आहे, डॅड. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

"मग हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी," कोलीन म्हणाली.

सगळे हसले. छान बोलली, असं आर्लीन म्हणाल्याही. कोलीन हसली नाही, पण ते फक्त हार्मच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी डोकं खाजवलं आणि आवाज जरा खाली आणला.

"हे बघ पोरी. पेटीला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. पेंग्विन ने, नाहीतर हत्ती ने. मावला पाहिजे."

हा जो काही न्याय होता तो कोलीनने पदरात पाडून घेतला. सगळ्यांच्या देखत तिने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. निळा झगा काढला, बॅग दाबली, नाही. चपला काढल्या. नाही. पिवळा झगा, रात्रीचे कपडे, केस वाळवायचं यंत्र. मिर्नाने त्यांची थप्पी लावून ठेवली. शेवटी कोलीनचं म्हणून बॅगेत काय उरलं, तर आतले कपडे, एक साधा झगा आणि दातांचा ब्रश. अंगावर घालायला हिरवा स्वेटर होता. हार्मनी बोट लावलं. बॅग सुस्कारा टाकल्यासारखी खाली गेली आणि तळाला टेकली.

आर्लीननी टाळ्या वाजवल्या. हार्म उठून तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "दहा दिवसांना एक झगा! आता शोभलीस खरी व्हॅन्डर लान."

या शब्दांची कोलीन चार वर्षं वाट बघत होती. तिने डच पद्धतीचं वाटाण्याचं सूप शिकून पाहिलं होतं, चर्चच्या भांडी धुण्याच्या पाळ्या घेतल्या होत्या, नाताळात पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट सासऱ्यांना न चुकता दिलं होतं. शेवटी ते शब्द मिळाले ते सगळे कपडे घरी टाकून निघाली तेव्हा.

नेदरलँड्समधला आठवडा हिरव्या स्वेटरमध्ये गेला. कालव्यापाशी हिरवा स्वेटर, पवनचक्कीपाशी हिरवा स्वेटर, फ्रीसलँडमधल्या हार्मच्या चुलतभावाच्या गोठ्यात गाईशेजारी हिरवा स्वेटर. एकुलता झगा ती रोज बेसिनमध्ये धुवायची आणि सकाळी अर्धवट ओला घालायची. जेवणाच्या टेबलावर हार्म नातेवाइकांना सांगायचे, "ही आमची सून. बघा, एका झग्यात युरोप." नातेवाईक मान डोलवायचे. त्यांच्या मते हे काही फार नव्हतं.

टेस एकदाही खोकली नाही. पण रात्र झाली की कोलीन पेंग्विन बाहेर काढायची, पलंगाशेजारी मांडायची, मास्क जोडायची, मुद्दाम विकत आणलेली युरोपी पिन वायरला लावून सॉकेटपाशी ठेवायची. बटण दाबायची वेळ आलीच नाही. तिकडे टेस झोपायची, इकडे पेंग्विन भिंतीकडे टक लावून बसायचा, आणि कोलीन जानेवारीनंतर पहिल्यांदा सलग झोपू लागली. ब्रेंटला वाटलं, हवा मानवली.

सिसिलीच्या विमानाची रांग लागली. दारापाशी कंपनीचा लोखंडी सांगाडा होता, आणि त्याच्या बाजूला निळ्या गणवेशातली एक तरुण मुलगी, जिची नजर बॅगांवरून खाटकाच्या सुरीसारखी फिरत होती. तिने कोलीनकडे बोट केलं. "ही बॅग. इथे ठेवा."

 टेसला कडेवर सावरत कोलीनने एका हाताने बॅग सांगाड्यात सोडली आणि सवयीने दाबायला बोट पुढे केलं.

दाबण्याजोगं काही उरलंच नव्हतं. बॅग धप्पकन खाली गेली, आणि बाजूला इतकी जागा राहिली की तेच बोट आरामात त्या फटीत गेलं.

तिने फटीकडे पाहिलं. मग वळून हार्मकडे. हार्मही फटीकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कॉलरपासून वर चढत गेला.

टेसच्या खोलीत फडताळ करताना हार्मनीच तिला एकदा शिकवलं होतं: वखारीत जिला आठ इंची फळी म्हणतात ती वाळून, रंध्याखालून जाऊन सव्वासात इंचच उरते, नाव मात्र आठचंच राहतं. गिऱ्हाइकाला कधी नावावर जाऊ देऊ नये. ज्या माणसाने जन्मभर हे दुसऱ्यांना सांगितलं, त्याने स्वतःच्या पेटीला नावाची फळी लावली होती. निळा झगा, पिवळा झगा, चपला. सगळं त्या पाऊण इंचात गेलं होतं.

कोलीनने तोंड उघडलं. मिर्ना मागेच उभी होती. कोलीनने तोंड मिटलं.

"तुमचं?" निळ्या गणवेशातली मुलगी आता हार्मकडे वळली होती. त्यांच्या पाठीवर बॅग, आणि हातात प्लास्टिकची थैली. थैलीत चुलतभावाने दिलेलं लवंग घातलेलं चीज, चांगलं वाटोळं, ताटलीएवढं. "ही दुसरी वस्तू झाली. एकच चालते."

"हे सामान नाही," हार्म म्हणाले. "हे चीज आहे."

"चीज ही वस्तू आहे."

"भेट मिळालंय. फुकट."

"इथे फुकट नाही. बॅगेत घाला, नाहीतर पैसे भरा."

हार्मच्या बॅगेत टाचणीला जागा नव्हती. आर्लीनच्याही नाही. मिर्नाची बॅग उघडली असती तर कपड्यांचे पापड फुगून बाहेर आले असते. मागची रांग चुळबुळ करू लागली. व्हॅन्डर लान कुटुंबाचा प्रमुख दारात उभा होता, आणि पैसे भरण्याची वेळ त्याच्यावर आली होती.

"कोलीन," ते हळूच म्हणाले. "तुझा तो... तो काढला तर चीज मावेल."

"तो इथे टाकून द्यायचा?"

"टाकायचा नाही गं, पण आठवडाभर लागला नाही तो. आता राहिले तीन दिवस."

"नाही, डॅड," कोलीन म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवीन होता. "चीज सोडा. पेंग्विन येतोय. तो नाही आला तर मी आणि टेस इथूनच परत."

"कोण पेंग्विन?" गणवेशातल्या मुलीने विचारलं.

कोलीनने चेन उघडून दाखवला. मुलगी प्रथमच माणसासारखी हसली. "अगोबाई! बाळाच्या औषधाचा ना? माझ्या भाच्याकडे मगर आहे. मग आत कशाला कोंबलात? औषधाचं यंत्र आम्ही मोजत नाही. हातात घ्या."

"पण पत्र लागतं ना?" कोलीनच्या तोंडून गेलं. "डॉक्टरांचं?"

"पत्र कशाला? दिसतोय की." आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.

सहा बॅगा, डॉक्टरांकडची विनवणी, गालिच्यावरची ती परीक्षा. सगळ्या शक्यता कोलीनने डोळ्यांत तेल घालून तपासल्या होत्या. कुणी नुसतं 'हातात घ्या' म्हणेल, ही तेवढी राहून गेली होती.

पेंग्विनच्या जागी चीज बसलं, जणू त्याच्यासाठीच ती जागा केली होती. कोलीनच्या कडेवर टेस, पाठीवर बॅग. तेव्हा पेंग्विन हार्मना घ्यावा लागला. विमानात ते तिच्या शेजारीच बसले, तो मांडीवर धरून, चोच समोर. पुढच्या सीटवरच्या म्हातारबांनी वळून पाहिलं आणि आदराने मान लववली.

विमान वर गेल्यावर हार्मनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, चर्चमध्ये प्रवचन सुरू होताना काढतात तशी, आणि एक कोलीनला दिली.

"आठ इंची," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"सव्वासात," कोलीन म्हणाली.

"मिर्नाला..."

"मी कशाला बोलू?"

हार्मनी मान हलवली. मग हातांना काही उद्योग हवा म्हणून म्हणा, सवयीने म्हणा, त्यांनी पेंग्विन उलटा केला आणि खालची बाजू बघू लागले. बराच वेळ बघत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा एकदा पाहिलं.

"पोरी, हा इकडे कधी चालू केला होतास?"

"नाही. गरज पडली नाही."

"बरं झालं." त्यांनी पेंग्विनच्या तळावर बोट ठेवलं. "हा आपल्या घरच्या विजेचा आहे. एकशे वीसचा. इथल्या भिंतीत दोनशे तीस असते. बटण दाबलं असतंस तर एक ठिणगी, थोडा धूर, आणि खेळ खलास."

कोलीनने वाचलं. अक्षरं बारीक होती, पण होती. तिने सेंटीमीटर पाहिले होते, चाकं पाहिली होती, पिन कुठली लागेल तेही पाहिलं होतं. भिंतीतून येतं काय, ते पाहिलं नव्हतं. आठवडाभर ती ज्याच्या भरवशावर झोपली होती तो नुसता खेळण्यातला पेंग्विन होता. तिने टेसला छातीशी धरलं आणि तिचा श्वास मोजायला लागली. मोजता मोजता डोळे भरून आले.

हार्मनी कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांनी पेंग्विन सुलटा केला.

"डॅड, मांडीवर काय घेऊन बसलाय?" मागून मिर्नाने विचारलं.

"औषधाचं यंत्र," हार्म म्हणाले. "मोजत नाहीत ते."

त्या रात्री कोलीन झोपली नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला हार्म नव्हते. फिरायला गेले असतील, आर्लीन म्हणाल्या. अकराच्या सुमाराला ते उन्हात लालेलाल होऊन आले, काखेत विटेएवढा एक लोखंडी ठोकळा, दोन बाजूंना दोन वायरी. वीज उतरवायचा ट्रान्स्फॉर्मर. कुठून आणला, केवढ्याला आणला, त्यांनी सांगितलं नाही. खोलीत जाऊन त्यांनी तो भिंतीला जोडला, पेंग्विन त्याला जोडला आणि बटण दाबलं. पेंग्विन घरच्यासारखा घुरघुरला. टेसने टाळ्या पिटल्या. हार्मनी बटण बंद केलं, तळ एकदा बघून घेतला, आणि निघून गेले.

उरलेल्या रात्री कोलीन झोपली. टेस शेवटपर्यंत खोकली नाही.

परतीच्या दिवशी ठोकळा उरला. तो कुठल्याच बॅगेत जाईना. काउंटरवरच्या माणसाला तो औषधाचं यंत्र वाटेना. त्याला तो दारूगोळा वाटत होता.

"इथेच ठेवू या," कोलीन म्हणाली. "हॉटेलवाल्यांना द्या."

"चांगला चालू ठोकळा?" हार्म दुखावल्यासारखे म्हणाले. "पैसे मोजलेत त्याचे. टाकून कसा द्यायचा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आर्लीन आणि मिर्ना कॉफीच्या रांगेत होत्या, ब्रेंट टेसला खिडकीतून विमानं दाखवत होता. हार्म वेगळ्या खिडकीपाशी गेले, जिथे मोठमोठ्या सूटकेसवाले उभे होते. त्यांनी रांग लावली, पाकीट काढलं, आणि ठोकळ्याच्या किमतीहून जास्त पैसे भरून तो ठोकळा एका खोक्यात घालून, चिठ्ठी लावून, सरकत्या पट्ट्यावर ठेवला. खोकं रबरी पडद्याआड जाईपर्यंत ते बघत राहिले.

वळले तर कोलीन मागे उभी होती, लवंगेचा वास मारणाऱ्या हिरव्या स्वेटरमध्ये, पेंग्विन काखेत घेऊन.

"गर्टला," हार्म म्हणाले, "यातलं काही कळायची गरज नाही."